श्रोता क्रमांक दोन

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला लुर्ड्स मिकालेफच्या समोरच्या पडद्यावर एक लहानसा तक्ता उमटला. तीन ओळी, चार रकाने. तक्ता काढणारा प्रोग्रॅम तिनेच गेल्या आठवड्यात लिहून चालू करून ठेवला होता आणि ती विसरून गेली होती. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, रस्त्यांखालून गेलेल्या पाण्याच्या नळांना त्यांच्या कंपनीने मुठीएवढी यंत्रं लोहचुंबकाने चिकटवून ठेवली होती. ऑफिसात सगळे त्यांना कान म्हणत. शहर सर्वांत शांत असतं तेव्हा प्रत्येक कान दहा सेकंद ऐकायचा आणि ऐकलेलं पाठवून द्यायचा. मग दिवसा माणसं हेडफोन लावून ती दहा सेकंदं ऐकायची आणि शेरा मारायची: गळती आहे, किंवा नाही. असे हजारो शेरे बघून संगणकातलं मॉडेल शिकणार होतं आणि पुढे माणसाशिवाय सांगणार होतं. शेरे मारणारे तिघे. क्रमांक एक नेव्हिल पास्को, पाणी महामंडळाचा जुना माणूस, अडतीस वर्षं नळांना कान लावण्याचंच काम केलेला, दोन वर्षांसाठी इकडे उसना दिलेला. क्रमांक तीन ग्लेनिस, पियानो सुरात लावून द्यायची, आता आठवड्यातून दोन दिवस इथे येते. या तिघांपैकी कुणाच्या शेऱ्यावर किती विसंबावं एवढंच तो तक्ता सांगत होता. जाड, घुमणाऱ्या आवाजांत तिघंही सारखेच. बारीक आवाजांत मात्र क्रमांक एक आणि क्रमांक तीन यांचं जवळजवळ नेहमी जमत होतं, आणि क्रमांक दोनने दर दहा गळत्यांमागे सात वेळा 'नाही' लिहिलं होतं. क्रमांक दोन म्हणजे लुर्ड्स.

प्रोग्रॅममध्ये कुठेतरी रकाने उलटसुलट झाले असतील असं तिला वाटलं, आणि ते वाटणं आरामाचं होतं. तिने ओळ न् ओळ वाचली. चूक नव्हती. मग तिने मतभेद असलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक काढलं, हेडफोन लावला आणि डोळे मिटून ऐकलं. दूर कुठेतरी भरून राहिलेली एक घरघर होती, बाकी काही नाही. पडद्यावर त्याच आवाजाचं चित्र होतं, आणि चित्रात वरच्या बाजूला एक पांढरी सरळ रेघ स्पष्ट दिसत होती, पाटीवर नखाने ओढलेल्या रेघेसारखी. ती रेघ म्हणजे लोखंडी नळाला गेलेली केसाएवढी चीर. तिने आवाज वाढवला. घरघर वाढली. रेघ होती तिथेच, मुकी. तिने आणखी एक काढलं, आणखी एक. नवव्या वेळेला तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि आपण हेडफोन ठेवल्याचा आवाज आपल्याला आला का, याचा विचार करत बसली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. हसणं तिला व्यवस्थित ऐकू आलं. मग ते हसणारं माणूस काय म्हणालं? तेही बहुतेक ऐकू आलं, किंवा तिने जुळवून घेतलं. किती वर्षं ती असं जुळवून घेत आली असेल याचा हिशेब करायला कुठून सुरुवात करावी हे तिला कळेना.

बावन्नाव्या वर्षी तिला हे काम मिळालं होतं. त्याआधी बावीस वर्षं ती एका विमा कंपनीत हप्ते ठरवणारा प्रोग्रॅम सांभाळत होती. तिथे प्रत्येक उत्तराला कारण असायचं. एखाद्याचा हप्ता का वाढला असं विचारलं तर तिला ओळीवर बोट ठेवता यायचं. एका गुरुवारी तिच्या विभागातल्या एकोणीस जणांना एका खोलीत बोलावलं, टेबलावर कापलेली फळं ठेवली होती, आणि कापलेली फळं बघूनच सगळ्यांना कळलं. नंतर काढून टाकलेल्यांना दिशा दाखवायला नेमलेला एक मनुष्य आला, छान टाय लावलेला. तो म्हणाला की आता सगळा ओघ कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आणि एकमेकांशी बोलणाऱ्या वस्तूंकडे आहे. घरं, गुरं, दिवे, पूल, सगळं बोलायला लागणार आहे आणि त्यांचं बोलणं समजून घेणारी माणसं कमी पडणार आहेत. त्याने दिलेल्या पुस्तिकेत एका पानावर 'संधी' हा शब्द चौदा वेळा होता. फुट्सक्रेला दहा महिने ती संध्याकाळच्या वर्गाला गेली. बाकीची मुलं तिच्या भाच्यांच्या वयाची. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं. नवं होतं ते एवढंच की इथे यंत्राला नियम सांगायचा नाही, उदाहरणं दाखवायची आणि त्याने अंदाज बांधायचा. कारण विचारायची सोय नाही. तिला हे आवडलं, थोडं अवघडूनच. दुसऱ्याच्या घरी जेवण आवडावं तसं. आणि मग थुई डांगने तिला घेतलं. थुई तेहतीस वर्षांची, स्वतः इंजिनियर, कंपनी तिची. मुलाखतीत ती म्हणाली होती की पोरं पुष्कळ मिळतात, पण लिहिलेलं परत वाचून बघणारं माणूस मिळत नाही. गेल्या महिन्यात ती म्हणाली की महामंडळाचं मोठं काम मिळालं तर ऐकण्याचा सगळा विभाग लुर्ड्सने बघायचा. ऐकण्याचा विभाग. लुर्ड्सने तेव्हा घरी जाताना वाटेत चीज भरलेल्या माल्टीज पास्तिझी घेतल्या होत्या, चार, आणि गाडीतच दोन खाल्ल्या होत्या.

आता खरं तर काहीच करायचं नव्हतं. हे तिला अकराच्या सुमाराला लक्षात आलं. बारीक आवाजांत क्रमांक दोनचं ऐकायचं नाही हे मॉडेलने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. कुणाला दुखावलं नव्हतं, बोभाटा केला नव्हता. तक्ता फक्त तिने पाहिला होता. अडचण होती ती फेब्रुवारीतल्या तीन आठवड्यांची. नेव्हिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ग्लेनिस बहिणीकडे टास्मानियाला गेली होती, आणि त्या दिवसांतली सहाशेच्या वर ध्वनिमुद्रणं एकट्या लुर्ड्सने ऐकली होती. तिने ती मॉडेलकडे पुन्हा दिली. अकरा जागी मॉडेल म्हणालं: गळती आहे. अकराही जागी तिचा शेरा होता: नाही. अकरा रस्त्यांखाली दोन-तीन महिने पाणी जात होतं. ते खणायलाच हवं होतं, म्हणून तिने यादी थुईकडे पाठवली आणि वर एकच ओळ लिहिली: मॉडेलने सांगितलेल्या अकरा जागा, माणसाचा आधीचा शेरा, नाही. पाठवल्यावर तिने ती ओळ पुन्हा वाचली. त्यात खोटं काही नव्हतं.

थुई पाच मिनिटांत तिच्या टेबलाशी आली. ती उत्साहात असली की अजून भरभर बोलायची, आणि लुर्ड्सने तिच्या ओठांकडे बघितलं. आपण नेहमीच तिच्या ओठांकडे बघतो हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. थुईचं म्हणणं असं की गुरुवारच्या बैठकीला हेच हवं होतं. वर्षभर महामंडळ एकच विचारतंय, यंत्र माणसाच्या बरोबरीचं आहे का. आणि इथे तर ते माणसाच्या पुढे गेलंय. ती जाता जाता म्हणाली, "प्रशिक्षित मानवी कानाने सोडलेल्या अकरा गळत्या. एका पानावर एवढंच लिहिते. बाकी कोरं." लुर्ड्स म्हणाली, चांगलं दिसेल. प्रशिक्षित म्हणजे नेव्हिलने तिला दोन दिवस शिकवलं होतं, तेही खरंच होतं.

तिचा बाप सनशाइन उपनगरातल्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या विभागात होता. माल्टाहून आला तेव्हा तरुण होता, चव्वेचाळिसाव्या वर्षी ठार बहिरा होत आला होता. लुर्ड्स तेव्हा अकराची. त्याला इंग्रजी बेताचंच यायचं, त्यातून ऐकू कमी, तेव्हा बँकेत, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे लुर्ड्स. समोरचा माणूस बोलायचा, ती ऐकायची, आणि मग बापाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन माल्टीजमध्ये ओरडून सांगायची. सगळं सांगायची असं नाही. शाळेतल्या बाई तिच्याबद्दल काय म्हणाल्या ते ती आटोपशीर करून सांगायची. कुणी त्याला हसलं तर ते गाळायची. समोरच्या माणसाचं जग तिच्यातून गाळून बापापर्यंत जायचं आणि बाप मान डोलावून म्हणायचा, बरं, बिंती, म्हणजे पोरी. त्यात एक ताकद होती. अकराव्या वर्षी ती तिला कळत होती, आवडतही होती. एका शुक्रवारी दुपारी डॉक्टर पुष्कळ वेळ बोलले. कानाच्या नसा गेल्यात, कारखान्यातल्या आवाजाने गेल्यात, मी तसं लिहून देतो, ते घेऊन युनियनकडे जा, मुदत आहे, उशीर करू नका. साडेतीनला तिचा नेटबॉलचा सामना होता. युनियनचं ऑफिस दोन बस बदलून. ती बापाच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणतात वयामुळे झालंय. काही करण्यासारखं नाही." बाप हसला. चव्वेचाळिसाव्या वर्षी वय झालं म्हणून हसला, डॉक्टरांशी हात मिळवला, आणि दोघं बसने घरी आली. सामना तिचा संघ हरला. पुढे सव्वीस वर्षं तो जगला. कुणी विचारलं की छातीवर हात ठेवून सांगायचा, आमच्या घराण्यातच माणूस लवकर म्हातारा होतो. त्याचं ते सांगणं लुर्ड्सने कितीतरी लग्नांत, बाप्तिस्म्यांत शेजारी उभं राहून ऐकलं. तेव्हा तिला सगळं ऐकू येत होतं.

बुधवारी सकाळी ती बाजारसंकुलातल्या कान तपासायच्या दुकानात गेली. एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला औषधांचं. तिला एका लहान, आतून जाड अस्तर लावलेल्या खोलीत बसवून हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. जाड आवाज येत होते तोवर ती नीट दाबत होती. मग बराच वेळ काही आलं नाही. काचेपलीकडे तपासणाऱ्या मुलाचे हात हलत होते. तो काहीतरी वाजवत असणार हे तिला दिसत होतं. त्याचं मनगट हललं की दाबावं, एवढं सोपं होतं ते. दोनदा तिने दाबलंही. मग बटण मांडीवर ठेवून तिने डोळे मिटले. आतली शांतता विचित्र होती, कारण ती शांतता नव्हती. ती भरलेली होती आणि तिला कळत नव्हती. बाहेर आल्यावर मुलाने कागद दाखवला. रेघ डावीकडून सरळ आली होती आणि मध्येच कडा तुटल्यासारखी खाली गेली होती, दोन्ही कानांची सारखीच. त्याने विचारलं, गोंगाटात काम केलंय का? नाही, ऑफिसात. घरात कुणाला? "वडिलांना होतं," ती म्हणाली, "पण ते कारखान्यामुळे. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं." हे वाक्य तिने आजवर मोठ्याने उच्चारलंच नव्हतं, ना नवऱ्याजवळ, तो होता तेव्हा, ना पाद्र्याजवळ. मुलगा टाईप करत म्हणाला की दोन्ही असू शकतं, घराण्यातही असतं आणि आवाजाने वाढतं, ठाम सांगता येत नाही. म्हणजे बाप म्हणत होता ते अर्धं खरं असेल. हे तिच्यासमोर असं सहज ठेवलं गेलं, घे म्हणून; आणि तिला ते घ्यावंसं वाटलं नाही. श्रवणयंत्र कधीपासून लावायचं ते तो मुलगा सांगत होता. तिने पुढची तारीख घेतली.

दुपारी नेव्हिलबरोबर बाहेर जायचं होतं. अकरापैकी एक जागा ब्रेब्रुकला होती, खणण्याआधी तिथे माणसाने एकदा ऐकायचं अशी पद्धत. नेव्हिल त्रेसष्ट वर्षांचा, ऑपरेशननंतर गाडीतून उतरताना दाराला धरून उतरायचा. त्याची ऐकायची काठी स्टीलची होती, वरच्या टोकाला लाकडी वाटी, कानाशी धरायची. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याने फुटपाथमधलं लोखंडी झाकण उघडलं, काठीचं टोक खालच्या व्हॉल्व्हवर टेकवलं, स्वतः ऐकलं, आणि काठी तिच्याकडे दिली. तिने वाटी कानाशी लावली. लाकूड त्याच्या कानाने अजून कोमट होतं. तिला तिचंच रक्त ऐकू आलं, आणि खूप लांब एक मालगाडी.

"येतंय?" नेव्हिलने विचारलं.

"येतंय."

"बारीक आहे, नाही?"

"हो. पण आहे."

त्याने काठी घेतली, फडक्याने पुसली, झाकण बसवलं. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली पण फिरवली नाही. "तो व्हॉल्व्ह जुन्या लाइनवरचा आहे, लू," तो म्हणाला. "एक्याण्णव सालापासून बंद. त्यात पाणीच नाही. आपली गळती पुढच्या चौकात आहे." त्याच्या आवाजात पकडल्याचा आनंद नव्हता. ती समोरच्या काचेतून बघत राहिली. एका घरासमोर उलटी ठेवलेली मुलाची सायकल होती. तिने विचारलं की त्याला कधीपासून माहीत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून, तो म्हणाला. तिचे बारीक आवाजांचे शेरे तो घरी नेऊन पुन्हा ऐकायचा आणि चुकलेल्यांवर आपला शेरा घालायचा. फेब्रुवारीत तेवढं जमलं नाही, गोळ्यांनी झोप यायची. मग सांगितलं का नाहीस? त्याच्या बायकोला ऐकू येत नाही हे मान्य करायला सहा वर्षं लागली होती, असं तो म्हणाला, आणि त्या सहा वर्षांत ज्याने ज्याने तिला सांगितलं त्याच्याशी तिने बोलणं सोडलं होतं. "आणि तुला काम हवं होतं. पहिल्या दिवशी तू डबा आणला नव्हतास, आठवतं? बारापर्यंत हाकलून देतील असं वाटत होतं तुला. चेहऱ्यावर लिहिलं होतं." मग त्याने किल्ली फिरवली. तिने त्याला थुईच्या पानाबद्दल सांगायला हवं होतं. महामंडळाकडे ऐकणारी माणसं नेव्हिल धरून सात, आणि ती माणसं ठेवायची की नाही ते त्या एका पानावर ठरायचं होतं. पण गाडी चालू झाली होती, इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं तिला नीट लागत नव्हतं, आणि ती वळणाच्या दिव्याची उघडझाप बघत राहिली. पुढच्या चौकात त्याने एकट्याने उतरून ऐकलं, खडूने रस्त्यावर खूण केली. ती गाडीतच होती.

गुरुवारी बैठकीला जाताना थुईच्या गाडीत तिने दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा थुईला फोन आला. दुसऱ्यांदा थुई स्वतःच बोलायला लागली, आईबापांची बेकरी गहाण टाकून तिने ही कंपनी काढली, ते कुणाला सांगत नाही, पण आज सांगावंसं वाटतंय. त्यानंतर काही बोलण्यासारखं राहिलं नाही. महामंडळाची खोली सातव्या मजल्यावर होती, सगळीकडे गालिचा, त्यामुळे आवाज लवकर विरत होते. निर्णय फिलिपा हॅलोरन नावाच्या बाईंचा होता. त्या हळू बोलत, ओठ फारसे न हलवता, आणि लुर्ड्सला त्यांचं प्रत्येक वाक्य अर्धं लागत होतं. उरलेलं ती जुळवत होती. पडद्यावर ते पान आलं. प्रशिक्षित मानवी कानाने सोडलेल्या अकरा गळत्या, यंत्राने पकडलेल्या. बाकी पांढरं. फिलिपाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"म्हणजे माणसं चुकतात, असं म्हणायचंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

थुई म्हणाली की माणूस थकतो, यंत्र थकत नाही.

"सात जण आहेत आमचे. पुढच्या वर्षीच्या आखणीत त्यांना धरायचं की नाही, एवढंच मला आज ठरवायचं आहे."

हे वाक्य लुर्ड्सला पूर्ण लागलं. का कुणास ठाऊक, त्यातला एकही शब्द जुळवावा लागला नाही. तिला भीती वाटली नाही, धैर्य आल्यासारखंही वाटलं नाही. आपण काय बोलणार हे तिला बोलायला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. लांबच्या खोलीतून कुणी बोलल्यासारखा तिचा आवाज तिला आला. "त्या अकराही मी ऐकल्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्या माणसांनी नाही, मी एकटीने. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. काल तपासून घेतलं. यंत्राने पकडली ती मी. तुमच्या सात जणांबद्दल यातून काहीच कळत नाही." थुईने तिच्याकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. फिलिपाबाईंनी काहीतरी विचारलं, शेजारच्या माणसाने काहीतरी लिहून घेतलं. मग बैठक आणखी चाळीस मिनिटं चालली, खर्च, बॅटऱ्या, पावसाळ्यातली दुरुस्ती, आणि तिला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची लुर्ड्सने बरोबर उत्तरं दिली. प्रश्न कळला नाही की ती परत विचारत होती. कुणाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

खाली गाडीशी आल्यावर थुई लगेच आत बसली नाही. "सकाळी गाडीत सांगितलं असतंस तर मी ते पान काढलं असतं," ती म्हणाली.

"काढलं असतंस?"

थुईने गाडीच्या टपाला हात टेकला. "माहीत नाही," ती म्हणाली. "आणि आता कधी कळणारही नाही. ते तू घालवलंस माझं." परतीच्या वाटेवर तिने रेडिओ लावला, आवाज मोठा. तो लुर्ड्ससाठी मोठा केला होता की बोलणं टाळायला, हे लुर्ड्सला ठरवता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात सगळं हळूहळू बाहेर आलं. काम मिळालं, पण निम्म्याच उपनगरांचं आणि एकाच वर्षासाठी, सातही जण यंत्राच्या बरोबरीने ऐकत राहतील या अटीवर. नेव्हिलने अकरा ध्वनिमुद्रणं ऐकली. दहांत गळती होती. अकरावं एका मासळीवाल्याच्या शीतपेटीचं निघालं. तिथे यंत्रच फसलं होतं. हे कळल्यावर त्याला आनंद झाला असेल असं लुर्ड्सला वाटलं, पण तो म्हणाला की पुढच्या मार्चमध्ये तो तसाही निवृत्त होणार होता, आणि सातांपैकी दोघं तर कधीची नोकरी सोडायची वाट बघत होते. त्यांना तू घरी पाठवलं असतंस तर त्यांनी तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती. बाकीच्या चौघांबद्दल तो काही बोलला नाही. थुईने लुर्ड्सला कामावर ठेवलं. शेरे मारायचे नाहीत, प्रोग्रॅम लिहायचा. ऐकण्याचा विभाग ग्लेनिसकडे गेला, आता ती पाचही दिवस येऊ लागली. थुई लुर्ड्सशी पूर्वीसारखीच बोलायची, फक्त जरा सावकाश, समोर उभं राहून, प्रत्येक शब्द नीट उच्चारून, आणि लुर्ड्सला त्यात कधी कधी काळजी दिसायची आणि कधी कधी शिक्षा. श्रवणयंत्र यायला अजून पंधरा दिवस होते. तोवर ती बसमध्ये, दुकानात, माणसं काय बोलतात ते जुळवणं थांबवून बघायची. शब्दांची टोकं नसायची. स, श, फ, सगळे गळून गेलेले, शब्द भिजलेल्या कागदासारखे मऊ. हे इतकी वर्षं मी ऐकत होते आणि याला ऐकणं म्हणत होते. त्यात दुःख असं फारसं नव्हतं. परक्या गावात आपल्या नावाची पाटी दिसावी, तसं काहीतरी.

दहा जागांपैकी डीअर पार्कची जागा खणली त्या दिवशी ती स्वतःहून गेली. तिची तिथे गरज नव्हती. दुपारचे बारा वाजले होते, स्वच्छ ऊन. महामंडळाची दोन माणसं खड्ड्यात होती, नेव्हिल कडेला डबा उलटा टाकून बसला होता. माती वरून कोरडी होती, हातभर खाली गेल्यावर काळी झाली, मग चिखल. खालच्या माणसाने फावडं ठेवून हाताने माती बाजूला केली आणि नळ दिसला, गंजलेला, आणि त्याच्या बाजूला पाण्याचा एक धागा, सरळ, ताठ, उन्हात चमकणारा. ध्वनीच्या चित्रातली पांढरी रेघ ती हीच, असं तिला वाटलं. पण हा ओला होता, हलत होता, आणि खालच्या माणसाच्या बुटावर पडत होता. किती दिवस, तिने मनात मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

समोरच्या घरातून एक म्हातारी बाई कुंपणाशी आली होती. काळा पोशाख, कमरेला ॲप्रन, हातात कात्री. कुंपणाच्या आत लिंबाचं झाड होतं, आणि त्याला एवढी फळं लागली होती की एका फांदीला तिने खाटेच्या लाकडाचा टेकू दिला होता. पानं गर्द, तेलकट. आजूबाजूच्या सगळ्या बागा उन्हाळ्याने करपल्या होत्या. बाई झाडाकडे आणि खड्ड्याकडे आळीपाळीने बघत काहीतरी बोलली, हळू, आणि नेमकी लुर्ड्सकडे बघून. लुर्ड्सला एक गुणगुण तेवढी आली. मान डोलावून चाललं असतं. नेव्हिलने तोंड उघडलं, उत्तर द्यायला असेल, आणि मिटलं.

"मला नीट ऐकू येत नाही, आजी," लुर्ड्स म्हणाली. "जरा इकडे, माझ्यासमोर येऊन सांगता?"

बाईने कात्री खिशात घातली, फाटक उघडलं आणि मातीच्या ढिगाला वळसा घालून, नळावरून उडणाऱ्या पाण्यापासून पोशाख सावरत, ती लुर्ड्सच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिच्या ओठांवर बारीक लव होती. तिने एकेक शब्द सुटा करून विचारलं की हे आता बुजवणार का, आणि मग झाडाला पाणी कोण घालणार.

"तुम्हीच," लुर्ड्सने सांगितलं. "उद्यापासून."